उसाशावरची तुळस

बेगमपुऱ्यातल्या घराचं अंगण मी ज्या वर्षी उलटंपालटं केलं, त्या वर्षी माझं वय होतं बावीस आणि अक्कल त्याहून बरीच कमी. स्वभाव मात्र आजच्यासारखाच तापट. काही डोक्यात आलं की ते हातावेगळं होईस्तोवर मला घास गोड लागत नसे. आमचे हे म्हणायचे, हिला एकदा पदर खोचू दिला की मग ब्रह्मदेव आला तरी बाजूला व्हावं. ते स्वतः पहिल्यांदा बाजूला व्हायचे.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. यांची बदली सिल्लोडहून औरंगाबादच्या कचेरीत झाली होती. हे शिकलेले उर्दूत. कचेरीतले जुने कागद उर्दूत आणि नवे हुकूम मराठीत येऊ लागलेले, त्यामुळं यांना सकाळी गेलं की संध्याकाळ व्हायची. घर आम्ही घेतलं ते एका जुन्या मुसलमान जमादाराचं. ते पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला मुलाकडं निघून गेले होते, सगळा व्यवहार त्यांच्या जावयानं केला. जमादारांना मी कधी पाहिलंही नाही. घराच्या किल्ल्या हातात आल्या, पण घराची माहिती सांगायला कुणी नव्हतं.

घर म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि त्यापुढं हे भलंमोठं अंगण. सासूबाई, दीर-जावा सगळे सिल्लोडला. इथं आम्ही दोघंच. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाला न विचारता चूल कुठं मांडायची ते ठरवता येणार होतं. पण अंगणाकडं पाहिलं की माझा जीव खाली-वर व्हायचा. एका बाजूला घाणेरीचं रान, त्यात विंचू. दुसऱ्या बाजूला एक तडा गेलेला हौद, कित्येक वर्षं कोरडा. जागोजागी दगड. आणि मागच्या भिंतीपासून थोडं अलीकडं छातीएवढ्या उंचीचा एक चौकोनी खांब, दगडविटांचा, चुन्याचा गिलावा उडालेला, वरून पोकळ. त्याच्या तोंडावर फरशीचा तुकडा टाकलेला आणि त्यावर चिमण्यांनी काडीकचरा आणून संसार मांडलेला. मी यांना विचारलं, हे काय असंल? हे म्हणाले, असंल काहीतरी जुनं, दिवा-बिवा ठेवत असतील. विषय तिथंच संपला.

मागच्या भिंतीपलीकडं चाचा-चाची राहायचे. चाचा हिमरू विणायचे. रेशीम आणि सूत एकत्र विणून वेलबुट्टीचं कापड काढायचं, ते हिमरू. त्याच्या शाली, शेरवान्या व्हायच्या. सूत-रेशीम रंगवायचं कामही ते घरीच करायचे, त्यांच्या अंगणातल्या हौदाच्या पाण्यात. भिंत खांद्याएवढी, त्यामुळं दोरीवर वाळत घातलेल्या लडी मला दिसायच्या. चाची भिंतीवरून कोथिंबीर द्यायच्या, मी ताक द्यायची. त्या माझ्याशी भरपूर बोलायच्या, त्यांची दखनी आणि माझी सिल्लोडकडची मराठी, कुणाचं काही अडायचं नाही. चाचा मात्र कधी बोलत नसत. गल्लीत समोरासमोर आले की मान खाली, हात कपाळाला, आणि भिंतीच्या कडेनं निघून जायचे. मला वाटायचं, माणूस आखडू आहे. त्या वर्षांत पुष्कळ माणसं अशी कडेकडेनं चालायची, हे मला कळायला वेळ लागला.

शिमगा झाला आणि मी पदर खोचला.

पहिल्यांदा घाणेरी. ती उपटताना दोन्ही कोपर सोलून निघाले. मग एक गवंडी लावला, खुलताबादकडचा, अबोल, पण हाताला चांगला. त्यानं तडकलेला हौद माझ्या सांगण्यावरून भरून काढला. त्यात गवळ्याकडचं शेणखत आणि नदीकाठची काळी माती टाकून मी मोगऱ्याचं आळं केलं. अंगणातले दगड वेचून त्यांच्याच कडा लावल्या. दारापासून पायरीपर्यंत तांबडा मुरूम टाकून चोपून घेतला. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि गवती चहा, उन्हाच्या बाजूला जास्वंद, कोपऱ्यात लिंबू. हे म्हणायचे, सरकारी नळाला एवढंसं पाणी, विहीर खारी, आणि तू ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला बाग लावायला निघालीस. मी म्हणायची, भांडी धुतलेलं पाणी काय फेकून द्यायचं असतं का? दोन हंड्यांत चार झाडं जगतात.

राहता राहिला खांब. गवंड्यानं विचारलं, पाडू का? मी त्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. उंची बरोबर, चौकोनी बरोबर, वरून पोकळ. मी म्हणाले, पाडू नको, हे तर आयतं तुळशीवृंदावन आहे. आणि खरंच, गिलावा केला, चारी बाजूंनी गेरूचे पट्टे ओढले, समोर दिव्यासाठी एक छोटा कोनाडा खोदला, तर कुणालाही वाटलं असतं की हे वृंदावन म्हणूनच बांधलंय. जमादाराच्या घरात वृंदावन कुठून येईल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तरी मी तो बाजूला सारला असता.

फरशीचा तुकडा काढला. मी गवंड्याला म्हणाले, तळाशी विटांचे तुकडे टाक, म्हणजे पाण्याचा निचरा होईल. ते टाकले. मग माती. एक टोपली, दोन, चार. आठ टोपल्या माती त्या खांबानं गिळली तरी त्याचं पोट भरेना. गवंडी म्हणाला, बाई, लई खोल दिसतंय. मी म्हणाले, मग चांगलंच की, मुळ्या खोल जातील. एवढी माती जाते कुठं, हे बघायला मी एकदा तरी वाकायला हवं होतं. पण पाडवा उद्यावर आलेला आणि मला घाई झालेली.

पाडव्याच्या दिवशी सासूबाईंनी सिल्लोडहून पाठवलेलं रोप लावलं. त्यांच्या वृंदावनातल्या तुळशीचंच पिल्लू, ओल्या फडक्यात गुंडाळून दिराच्या हातून आलेलं. दाराशी गुढी, अंगणात सडा-रांगोळी, आणि खांबावर तुळस. हे कचेरीतून आले आणि दारातच थांबले. म्हणाले, हे आपलंच घर आहे का? माझ्यासारखी सुखी बाई त्या दिवशी अख्ख्या बेगमपुऱ्यात नसेल.

आणि तुळसही अशी गुणाची की काय सांगू. ऊन मी म्हणत होतं, जास्वंद माना टाकत होती, लिंबाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालावं लागत होतं, पण तुळशीची माती कधी सुकली म्हणून नाही. सकाळी बोट खुपसून पाहावं तर ओली. खांबाच्या बुडाशीसुद्धा ओल धरलेली. मी यांना म्हणायची, बघा, सासूबाईंची पुण्याई. मनात म्हणायची, माझा हातच तसा आहे.

त्याच दिवसांत चाची डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन आमच्या दारावरून जाताना दिसू लागल्या. एकदा नाही, दिवसातून सहा-सात वेळा. वय साठीच्या पुढचं, गुडघे दुखरे. मी विचारलं, चाची, हौदाला काय झालं? म्हणाल्या, कुछ नहीं बेटी, हौद साफ कर रहे हैं. चार दिवसांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. एवढा कसला हौद साफ करतात, असं वाटलं आणि मी विसरून गेले. कारण मला चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी करायची होती. नवं अंगण गल्लीतल्या बायकांनी बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

दशमीला हळदीकुंकू झालं. बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. चाचींना मी मुद्दाम दोनदा बोलावणं केलं होतं, हळदीकुंकवाला नाही तर नुसती बाग बघायला, पन्हं प्यायला या म्हणून. त्या आल्या नाहीत. मला तो अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी, एकादशीला, दुपारी मी तांब्याभर पन्हं घेतलं आणि चार शब्द सुनावायच्या तयारीनं त्यांच्या घरी गेले. उपासानं डोकं तसंही तापलेलं होतं.

दार उघडंच होतं. अंगणात पाऊल टाकलं आणि माझे चार शब्द तोंडातच राहिले. हौद कोरडा ठाक. तळाला चिखल सुकून त्याच्या खपल्या उडालेल्या. बाजूला दोरीवर रेशमाच्या लडी, पण रंग कसला, मळकट विटकरी, जागोजागी डाग. चाचा उकिडवे बसून एका बादलीत लड बुडवत होते, वर काढत होते, उजेडात धरत होते आणि पुन्हा बुडवत होते. मला बघून उठले, सलाम केला आणि आत जायला निघाले.

मी चाचींना विचारलं, हे काय झालं? त्या गोड हसल्या आणि पन्ह्याचं कौतुक करू लागल्या. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, मला पन्ह्याचं नका सांगू, पाण्याचं सांगा. तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या हौदाला नहरीचं पाणी यायचं, जुन्या काळी डोंगराकडून जमिनीखालनं खापरी नळ्या घालून गावात आणलेलं. गोडं पाणी. रंग बसायचा तो त्याच पाण्यात. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात लाल रंग विटकरी होतो आणि रेशीम राठ होतं. चाची सरकारी नळावरून आणायच्या त्या पाण्यात पिणं आणि स्वयंपाक कसाबसा भागायचा, रंगकामाला पुरणार कुठून? आणि काम तर अंगावर होतं. पूर्वी जहागीरदार, नवाब यांच्या घरची कामं असायची. ती माणसं गेली, काही पांगली, आणि माग कित्येक महिने नुसता उभा असायचा. आता इतक्या वर्षांनी खुलताबादच्या एका घरचं मोठं काम आलं होतं, नवरदेवाची शेरवानी आणि चार शाली. लग्न वैशाखात. कापड वेळेवर झालं नाही तर ते लोक गिरणीचं घेणार होते, आणि मग चाचा माग मोडून विकायचं म्हणत होते.

मी विचारलं, पाणी बंद कधी झालं? चाची म्हणाल्या, तुमच्या गुढीच्या दुसऱ्या दिवशी.

मी विचारलं, नहर येते कुठून? चाचा आतल्या दारात पाठमोरे उभे होते. चाचींची नजर भिंतीवरून पलीकडं गेली. मीही तिकडं बघितलं. भिंतीवरून माझी तुळस दिसत होती, हिरवीगार, डुलणारी.

मग चाचीच म्हणाल्या, "तुम्हारे आंगन में जो खंबा है ना बेटी, वो नहर का उसासा है. उसमें मट्टी गिरी, इधर पानी बंद हुआ."

उसासा म्हणजे पाण्याच्या नळीला श्वास घ्यायला ठेवलेली जागा. नळीतली हवा त्यातून वर निघते आणि पाणी पुढं सरकतं. गाळ साचला तर काढायचाही तिथूनच. जमादार होते तोवर दर साल फाल्गुनात ते आणि चाचा मिळून तो उसासा साफ करायचे. ते गेल्यावर कुणी चाचांना त्या अंगणात बोलावलं नाही, आणि ते आपणहून आले नाहीत. आणि मी त्यात आठ टोपल्या माती कोंबली होती. तुळशीची माती ओली कशी राहायची, तेही मला तिथं उभ्या उभ्या कळलं. माझ्या हाताचा गुण नव्हता तो. चाचांच्या हौदाचं पाणी माझी तुळस पीत होती.

लाजेनं माझे कान तापले. आणि लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी जवळजवळ ओरडलेच, मग मला सांगितलं का नाही? दहा दिवस हंडे वाहिलेत, मी दारात उभी असायची, एका शब्दानं सांगता येत नव्हतं?

चाची म्हणाल्या, "मैं बोली इनको, जाके बोलो. ये बोले, नक्को. अब वहां तुलसी है."

चाचा अजून पाठमोरेच होते. मला एकदम दिसलं की हा माणूस दहा दिवस रोज सकाळी उठून भिंतीवरून माझी तुळस बघत असेल, आणि तोंड मिटून विहिरीच्या पाण्यात रेशीम नासवत असेल. कारण मुसलमानानं हिंदूच्या अंगणातली तुळस काढायला लावली, एवढं एक वाक्य गल्लीत फिरलं तर त्याचं पुढं काय होईल, हे त्याला ठाऊक होतं. सात-आठ वर्षांपूर्वी त्यानं काय काय बघितलं असेल ते मी कधी विचारलं नव्हतं. मी आपली त्याला आखडू म्हणत होते. मला भयंकर वाईट वाटलं, आणि रागही आला, त्यांचा नाही, माझाच.

घरी आले तेव्हा हे नुकतेच कचेरीतून आलेले. मी सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाले, तुळस हलवायची. यांनी टोपी काढून खुंटीला लावली. त्यांना चाचांची अडचण पटत होती, पण लोकांची भीती त्यांनाही होती, फक्त दुसऱ्या बाजूनं. म्हणाले, सिल्लोडला आईला कळलं तर? गल्लीत चर्चा होईल. आणि घाई नको. उद्या द्वादशी, तुळशीला हात लावत नाहीत. परवा रविवार, परवाही नाही.

"आणि आज?" मी विचारलं.

ते म्हणाले, आज दिवस मावळल्यावर लावत नाहीत.

मी बाहेर बघितलं. ऊन अजून ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर होतं. मी म्हणाले, मग अजून घटकाभर वेळ आहे.

पाय धुतले, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. तुळशीला मी काय म्हणाले ते मला अजून आठवतं. म्हणाले, बाई, तुला चुकीच्या जागी बसवलं, चूक माझी आहे, रागवायचं तर माझ्यावर रागव. मग खुरपं घातलं. हे थोडा वेळ ओसरीवर उभे राहिले, मग मागल्या बाजूची मातीची मोठी कुंडी उचलून घेऊन आले. तेवढ्यावर मी त्यांचे त्या वर्षातले सगळे अपराध माफ केले.

मुळाशी मातीचा गड्डा धरून तुळस निघाली. मी ती ओसरीच्या कडेला कुंडीत लावली, आणि मगच यांनी भिंतीपलीकडं चाचांना हाक मारली. चाचा पुढल्या दारानं आले. आल्या आल्या त्यांनी वहाणा दाराबाहेर काढल्या. मी म्हणाले, चाचा, घाला पायात, घाणेरीचे काटे आहेत अजून. त्यांनी ऐकलं नाही. तुळस कुठं ठेवली ते आधी बघितलं, तिच्यापासून चार हात लांबून फिरून खांबापाशी गेले. त्यांच्या हातात लांब दांड्याची एक लोखंडी पळी होती, डोईच्या वर जाईल एवढी लांब. फक्त उसासा साफ करायचीच ती पळी. जमादार गेल्यापासून माळ्यावर पडून होती आणि तिला गंज चढला होता.

अंधार पडेस्तोवर पाचेक टोपल्या माती निघाली. चाचा पळीनं काढायचे, हे टोपली रिकामी करायचे. दोघंही एकमेकांशी उर्दूत बोलू लागले. यांना घरात उर्दू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. उरलेलं सकाळी, असं ठरलं. मला रात्रभर झोप लागली नाही, कारण जाता जाता चाचा एक गोष्ट बोलून गेले होते. विटांच्या तुकड्यांनी खालची खापरी नळी फुटली असली, तर पळीनं काही होणार नाही. मग नळी जाते त्या सबंध वाटेनं अंगण खणावं लागेल, नळीचे तुकडे बदलून चुना, कापूस आणि अळशीचं तेल कुटून सांधे भरावे लागतील, आणि ते जाणणारा माणूस आता गावात एखाददुसराच उरला होता. तोवर वैशाख उलटून गेला असता.

नळीची वाट म्हणजे माझ्या मोगऱ्याखालून, मुरमाच्या पायवाटेखालून. शनिवारी पहाटे मी बाहेर येऊन ते सगळं डोळे भरून बघून घेतलं आणि मनानं सोडून दिलं. चाचा आले तेव्हा मीच म्हणाले, खणायचं झालं तर खणू, माझ्या झाडांकडं बघू नका. ते पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून बोलले, पहले देखेंगे, बेटी.

उरलेली माती निघाली. विटांचे तुकडे एकेक करून पळीत आले. चाचा प्रत्येक तुकडा हातात घेऊन उलटून बघायचे, खापराचा आहे का विटेचा. माझं लक्ष त्यांच्या बोटांकडं. वीट. वीट. पुन्हा वीट. मग त्यांनी बांबूच्या कामट्या एकीला एक बांधून लांब केल्या आणि खाली नळीच्या तोंडात सरकवायला घेतल्या. पलीकडं चाची हौदाच्या कडेवर बसून होत्या. हे खांब धरून उभे, जणू त्यांनी सोडला असता तर तो पडला असता. कामटी जायची आणि अडायची. काढायची, पुन्हा घालायची. चाचांच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली. मी देवाचं नाव घेत होते, आणि खरं सांगते, चाचाही पुटपुटत होते.

मग कामटी एकदम हातभर आत गेली. खांबाच्या पोटातून बुडबुड असा आवाज आला आणि ओल्या मातीचा वास घेऊन गार हवेचा एक झोत वर आला, माझ्या तोंडावर. तेवढ्यात भिंतीपलीकडून चाचींचा आवाज आला, काहीतरी येतंय म्हणून. आधी नुसता चिखल आला, मग गढूळ पाणी, मग थांबलं, आणि मग धार लागली. नळी फुटली नव्हती. मी तिथंच मुरमावर फतकल मारून बसले आणि रडले. हे गोंधळून म्हणाले, अगं, आता का रडतेस? चाचा म्हणाले, रोने दो.

दुपारपर्यंत पाणी नितळलं. आठवडाभरात त्यांच्या दोरीवर डाळिंबी रंगाच्या लडी लोंबू लागल्या, असा रंग की भिंतीवरून बघताना मला कामं सुचायची नाहीत. काम वैशाखात पोचलं. खुलताबादचे लोक कापड बघून खूश झाले आणि त्यांच्याच भावकीतल्या दुसऱ्या लग्नाचं सांगून गेले. माग काही मोडला नाही.

तुळशीनं मात्र हाय खाल्ली. पानं गळाली, नुसत्या काड्या राहिल्या. सिल्लोडहून सासूबाई येणार होत्या आणि मला धडकी भरलेली. चाची रोज भिंतीवरून विचारायच्या, तुलसी कैसी है? चाचा विचारायचे नाहीत, पण चाची विचारत असताना आतला माग थांबायचा, ते मला ऐकू यायचं. पंधरा दिवसांनी एका काडीला दोन हिरवे डोळे फुटले. मी धावत भिंतीपाशी गेले आणि सांगितलं. मागाचा आवाज लगेच पुन्हा सुरू झाला. सासूबाई आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुंडीतल्या तुळशीला पाणी घातलं आणि म्हणाल्या, पाणी सोडवलंस, लई चांगलं केलंस, पण डोकं आधी वापरावं आणि खुरपं मागून. पुढं त्याच गवंड्याकडून ओसरीसमोर वेगळं वृंदावन बांधून घेतलं, भरीव तळाचं.

खांब तसाच राहिला, गेरूच्या पट्ट्यांसकट. दिव्याच्या कोनाड्यात चिमणीनं घरटं केलं. पुढच्या फाल्गुनात शिमगा झाल्याबरोबर मी स्वतः चाचांना बोलावणं पाठवलं, आणि ते पळी खांद्यावर टाकून आले. हे, चाचा आणि मी, तिघांनी मिळून उसासा साफ केला. चाचींनी गूळ घालून चहा पाठवला. चाचा चहा पिऊन गेले, मी हात धुतले आणि भिंतीच्या कडेला शेवग्याचं खोड पुरायला खड्डा खणू लागले. अर्धा हातही खणला नसेल, तोच भिंतीवर चाचांचं डोकं आलं.

"नक्को वो झाड उधर! जडां सीधे नळी में जाते उसके. इतना बता के भी समझता नहीं क्या? उधर लगा, उधर, कोने में."

असा आवाज त्यांनी माझ्यावर पहिल्यांदाच चढवला होता. गल्लीतून जाणारी दोन माणसं थांबून बघू लागली. मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. म्हणाले, अंगण माझं आहे. ते म्हणाले, पानी मेरा है. आम्ही चांगलं पाच मिनिटं भांडलो. मग मी धुसफुसत शेवगा उचलला आणि कोपऱ्यात नेऊन लावला, आणि खड्डा बुजवताना माझ्या लक्षात आलं की मी हसतेय. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा त्या ओरडण्यानं उतरला होता.